वैनगंगेवर मुशीचं रीळ

देवराव गेल्याचं मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. ब्रह्मपुरीकडचा शेतकरी होता, लेकीच्या लग्नासाठी पाण्याचा पितळी गुंड घ्यायला चांद्याला माझ्या दुकानी आलेला. एकदा उठून जाऊन तो परत आला होता, म्हणजे सौदा रंगात आला होता. गुंडाच्या बुडाला टिचक्या मारता मारता त्यानं रस्त्यापलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "समोरचं दुकान आता बंदच राहीन का जी, भाऊ?" मी विचारलं, काऊन? तो म्हणाला, "काऊन म्हंजे? शिंपीभाऊ गेले ना! परवा आमच्या बाजूच्याच गावच्या घाटावर जाळलं. तुमाले मालूम नाई?" माझ्या हातात गुंड होता. तो खाली ठेवावा, निदान हात कपाळाला लावावा, असं मनात आलं. पण तोंडातून निघालं ते असं, "आनखी आठ आने टाक, मंग ने." मग त्यानं मुकाट्यानं आठ आणे टाकले, गुंड उचलला आणि गेला. पुढे घासाघीस केली नाही. माझ्याशी आणखी बोलण्याची त्याला इच्छाच उरली नसावी.

वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला की तुम्ही दोघे एका गावचे, समोरासमोर दुकानं, तेव्हा देवरावांवर चार चांगले शब्द तुम्हीच लिहा. चांगले शब्द लिहिण्याजोगा माणूस तो होताच. पण आमचं गेली काही वर्षं बोलणं नव्हतं आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. जो माणूस उत्तर द्यायला उरला नाही त्याच्यावर राग धरणं लाजिरवाणं आहे, एवढं मला कळतं. कळतं, म्हणून तो जातो असं मात्र नाही...

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. देवरावच्या घरी शिलाईचं काम बापापासून होतं. माझ्या घरी काहीच नव्हतं. डोक्यावर भांड्यांचं टोपलं घेऊन मी गडचिरोलीच्या जंगलातले आठवडी बाजार पायी फिरलो. पैसा तिकडे दिसत नसे. मोहाची फुलं, हिरडा, लाख घेऊन वाटी-गडवा द्यायचा, आणि दोन्ही बाजूंनी भाव करायचा. तिथे शिकलो ते एवढंच की पाठ फिरवल्याशिवाय सौदा होत नाही. घेणारा उठून चालू लागतो, विकणारा त्याला जाऊ देतो, आणि मग हाक मारतो. हाक मारली म्हणजे भाव उतरला. एकदाही उठून न जाता जो माल घेतो त्याला आमच्याकडे खुळा समजतात. पुढे चांद्याला दुकान टाकलं, देवरावला गावाहून मीच बोलावून घेतलं, आणि समोरचा गाळा त्याला मिळवून दिला. मालक चार वेळा हाका मारत मागे आला तेव्हा कुठे मी थांबलो. देवराव माझ्या बाजूला उभा होता आणि सारा वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहत होता. त्याला भाव करता येत नसे. भाजीवाली जे मागेल ते देऊन तो वर तिच्या पोराबाळांची चौकशी करी.

त्याला एकच नाद होता, मोठ्या माशाचा. आमच्या गावाखाली नदीला डोह आहे. काठाला काळे खडक, धारेला कोयत्यासारखे. त्यात बोद राहतो. बिनखवल्याचा, मिशाळ, माणसाचं डोकं मावेल एवढं तोंड, आणि वजनाला कधीकधी माणसाएवढा. मुंबईकडे समुद्रात मुशी, म्हणजे शार्क, असते तसा आमच्या नदीत हा. दुकानं बंद ठेवायच्या दिवशी आम्ही मोटारीनं गावी जायचो, कोंबडीची आतडी गळाला लावायचो आणि सुताचा दोर हातात धरून खडकावर बसायचो. तिथे देवराव राजा असे. दुकानात तोंड न उघडणारा हा माणूस तिथे माझ्यावर ओरडायचा, "अबे, ओढू नोको! तो का गिऱ्हाईक आहे? जाऊ दे त्याले, जाऊ दे!"

एकदा मोठा बोद लागला आणि देवरावनं दोर सोडायचं सोडून हाताला वेढा दिला. दोर बोटांतून सरकला तो मांस घेऊनच. मासा गेला तो गेलाच, उजव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत कापली. बरेच दिवस त्याला सुई धरता आली नाही. त्याची बायको सरूबाई मला म्हणाली, "भाऊ, शिंप्याची बोटं गेली तं आमी खावाचं काय? तुमी तरी सांगा त्याहिले." मी सांगितलं. तो म्हणाला, "मासेमारी सोडत नाई. दोर सोडतो. गोविंदा, आपुन रीळ घेऊ." गळाची दोरी गुंडाळायचं असं रीळ त्यानं एका बदली होऊन चाललेल्या साहेबाकडे पाहिलं होतं. अर्धे पैसे त्याचे, अर्धे माझे, असं ठरलं. मुंबईला मला भांड्यांचा माल पाहायला जायचंच होतं. दोघे निघालो.

मुंबईत गळ-रिळांच्या दुकानात शिरल्यावर देवराव बदलला. मालक वयस्कर होते, पांढरी टोपी, चष्मा, मऊ बोलणं. त्यांनी विचारलं, "कुठल्या किनाऱ्यावर बसणार?" देवराव म्हणाला, "वैनगंगेच्या जी." त्यांनी चष्मा खाली केला. देवरावनं बोदाचं तोंड हातांनी दाखवलं, खडक दाखवले, शेवटी आपली बोटं दाखवली. मग मालकांनी खालच्या कपाटातून एक जड रीळ काढलं आणि म्हणाले, "हे घ्या. किनाऱ्यावर उभं राहून मुशी धरणारे हेच नेतात." त्याची फिरकी फिरतच नव्हती. ती जागेवर राहायची आणि तारेची कडी तिच्याभोवती दोरी गुंडाळत जायची. देवरावला ते पाहताक्षणी कळलं. "आपल्या मशीनच्या बॉबिनीचीच बहीण आहे गोविंदा," तो हसून म्हणाला. त्यानं मूठ हळूहळू फिरवली आणि कान लावून आतले दाते ऐकले. एका रिळाला डोकं हलवलं, दुसऱ्याला हलवलं, तिसरं मांडीवर घेऊन बसला. दोरीचं एक टोक त्यानं टेबलाच्या पायाला बांधलं आणि मागे सरकत गेला. ओढ वाढली की रीळ आपण होऊन दोरी सोडतं, ते झटके देत सोडतं की सरळ, हे त्याला पाहायचं होतं. झटके देणारं रीळ मोठ्या माशाच्या पहिल्या धावेला दोरी तोडतं म्हणे.

दोरीवरून आमचा वाद झाला. माझं म्हणणं, एवढा पैसा मोजायचा तर सगळ्यात जाड घ्या. देवराव म्हणाला, "जाड घेतली तं फिरकीवर मावन किती? बोद पह्यले अर्धा डोह पळते. दोरी सरली का काम सरलं." त्यानं नायलॉनच्या दोऱ्या एकेक करून ओठांत धरून ओल्या केल्या, गाठ मारली, ओढली, गाठीपाशी नख फिरवलं. मग लाकडी टेबलाच्या कडेवर तीच दोरी घासली, कारण आमचे खडक. शेवटी मधल्या जाडीची एक निवडली आणि सांगितलं की पुढच्या टोकाला हातभर तार लावू, बोदाच्या दातांसाठी. मालक खूश झाले. म्हणाले, असं पारखून घेणारं गिऱ्हाईक वर्षात एखादं येतं. काठीचं काय, म्हणाले. देवराव म्हणाला, "काठी आमच्या जंगलात आहे जी. भरीव बांबू."

मग माझी पाळी आली. भिंतीवर पाटी होती, 'एकच भाव'. अशी पाटी माझ्याही दुकानात आहे आणि तिच्याखाली बसूनच मी रोज भाव करतो. पाटी म्हणजे बोलणं सुरू करायची जागा, असं मी समजत होतो. मी रिळाला नावं ठेवली. वजन जास्त, रंग गेलेला, शिवाय नदीवर याचा उपयोग काय. मालक हसून नाही म्हणून मान हलवत राहिले. मी निम्म्यापासून सुरुवात केली, थोडा वर सरकलो आणि मग ठरल्याप्रमाणे उठलो. "चल रे देवराव. मुंबईत का एकच दुकान आहे?" म्हणून बाहेर पडलो. देवराव आतच राहिला. मला वाटलं, बरंच झालं, आतला माणूस राहिला म्हणजे हाक लवकर येते. फुटपाथच्या कडेला, उन्हात, दुकानाकडे अर्धी पाठ करून मी उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. मधे दोनदा मान वळवून पाहिलं, ते घाम पुसायच्या निमित्तानं.

देवराव बाहेर आला तेव्हा त्याच्या बगलेत पुडकं होतं. म्हणाला, "घे. तुझ्या भावात देल्लं त्यानं. म्हने, तुमचा दोस्त लय पक्का आहे." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. परतीच्या गाडीत त्यानं पोट बिघडल्याचं सांगितलं आणि पाण्याशिवाय काही घेतलं नाही. वर्धा स्टेशनावर मी त्याच्यासमोर पुरी-भाजी खाल्ली आणि म्हणालो, "शिंप्याचं पोट आहे तुझं, सुतावर जगनारं."

पुढची काही वर्षं सुखाची गेली, असं म्हटलं पाहिजे. रिळावर देवरावनं मोठे बोद काढले. पहिला बाहेर आला तेव्हा आम्ही दोघे चिखलात बसून लहान पोरांसारखे ओरडलो. रीळ कधी त्याच्याकडे असे, कधी माझ्याकडे. आणि मुंबईची गोष्ट माझ्याकडे. ती मी चांद्याच्या बाजारात कोणाला सांगितली नसेल असा माणूस शोधावा लागेल. मुंबईचा व्यापारी मी कसा वाकवला, उन्हात कसा खांबासारखा उभा राहिलो, कसं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. देवराव समोर असला तर मी त्याला साक्षीला घेई. तो मान डोलावी.

मग घुग्घुसच्या कोळसा खाणीवर मुंबईचे एक इंजिनिअर साहेब आले. तेही गळाचे शौकीन. पँट शिवायला देवरावकडे आले, खुंटीवरचं रीळ पाहिलं आणि त्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी बाकावर बसलोच होतो. चहावाला होता, आणखी दोघं-तिघं होते. मी गोष्ट सुरू केली. साहेबांनी ती नीट ऐकून घेतली आणि अगदी सरळपणे म्हणाले, "पण त्या दुकानात भाव होत नाही हो. माझे वडील वर्षानुवर्षं तिथूनच घेतात. मालक सख्ख्या भावालासुद्धा कमी करत नाही." मी म्हणालो, तुमच्या वडिलांना जमलं नसेल. ते हसले. माझा आवाज चढला. "इचारा देवरावले! तो होता तिथी! सांग बे देवराव!"

देवराव साहेबांच्या पँटीचं माप घेत होता. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्यानं मान वर केली नाही. टाचण्या काढून बोलणं काही अवघड नव्हतं. त्यानं आणखी एक टाचणी तोंडात धरली आणि कापडाकडे पाहत राहिला... चहावाल्याला आधी कळलं. तो हसला, मग बाकीचे हसले, साहेबही हसले. चांद्याचा बाजार लहान आहे. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं मला विचारू लागली, "भाऊ, गडवा मुंबईच्या भावानं देता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडून गेलो.

"काऊन सांगतलं नाई मले?"

"काय सांगू? तू उन्हात उभा होता. वळून वळून पाहत होता. मले पाहवलं नाई."

"मंग बाहेर याचं, म्हनाचं, 'नाई देत तो, चल.' हरलो असतो. मी का कधी हरलो नाई?"

"तू परत आत आला नसता. रीळ राह्यलं असतं."

"आन् इतके वर्सं मी गावभर बोंबलून राह्यलो, तवा मनात हासत होता?"

"हासलो नाई गा," तो म्हणाला. मग टेप गुंडाळत म्हणाला, "लय चांगली सांगत होता तू."

मला तेच लागलं. फसवणारा माणूस मला समजतो, त्याच्याशी दोन हात करता येतात. दया करणाऱ्याशी काय करायचं? ज्याला भाजीवालीशी भाव करता येत नाही त्यानं माझा भाव भरला, आणि माझी मूठ झाकली ती मला न विचारता. मी म्हणालो, "तुझं मुशीचं रीळ तुलेच ठेव," आणि परत आलो. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. दुकान उघडताना तो माझ्याकडे पाहून हात वर करी. मी कुलूप पाहत असे. मासा काढला की अर्धा वाटा तो पळसाच्या पानांत बांधून मागच्या दारानं माझ्या घरी पाठवी, हे मला फार उशिरा कळलं. बाजारातला म्हणून मी तो खात होतो, वर चवीचं कौतुक करत होतो. बायकोवर ओरडलो तर ती म्हणाली, "भांडन तुमचं. मासा का तुमच्याशी भांडला होता?"

त्याच्या छातीचं दुखणं मला कळलं नव्हतं असं नाही. दुकान मधून मधून बंद राहू लागलं. एकदा त्याला पायरीवर थांबून श्वास घेताना पाहिलं. आपण होऊन त्यानं हाक मारली तर जाऊ, असं मी ठरवलं होतं. माझी सगळी विद्या तीच, हाकेची वाट पाहायची. तो गावी भावाकडे हवापालटाला गेला, आणि मग तो गुंडवाला आला.

तेरवीनंतर काही दिवसांनी सरूबाई लेकीला, शांताला, घेऊन चांद्याला आली. दुकान आवरायचं होतं. निरोप आला, "रीळ अर्धं भाऊचं आहे, येऊन सांगा काय करावं ते." मी गेलो. इतक्या वर्षांनी तो रस्ता ओलांडताना पायांना लाज वाटते हे मला पहिल्यांदा कळलं. बाकावर बसलो. दोघी कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये बसल्या होत्या. शांताच म्हणाली, "काका, ते मुंबईची गोष्ट सांगा ना. बाबा सांगत, पन त्याहिले तुमच्यासारखी येत नव्हती."

मी विचारलं, "कशी सांगे तो?"

"तुमी उठून चालले जाता, आन् तो मुंबईवाला मांगं पळत येते. 'शेटजी, शेटजी, थांबा, टोपी घ्या माही पन रागावू नोका!'"

शेटजी आणि टोपी हे मी कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ते त्यानं घातलं होतं, आमचं बोलणं बंद असताना, आपल्या घरात.

"तो मांगं नाई आला, बाई," मी म्हणालो. "कोनीच नाई आलं. मी उन्हात उभा राह्यलो, आन् तुह्या बापानं पुरे पैसे भरले." मग मी सगळं सांगितलं. अर्धी पाठ, घाम पुसणं, वळून पाहणं. आयुष्यात ती गोष्ट मी अशी पहिल्यांदा सांगत होतो, आणि ती नीट सांगता येत नव्हती. सरूबाई म्हणाली, "मले मालूम आहे ते. गाडीतलं सांगा." मी त्याच्या रिकाम्या खिशापायी बिघडलेलं पोट सांगितलं, पुरी-भाजी सांगितली, सुतावर जगणारं पोट सांगितलं. ती हसली, खूप हसली, आणि हसता हसता पदर तोंडावर घेतला तो तिनं बराच वेळ काढला नाही.

शांता हसली नाही. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "मंग तुमी त्याहिच्याशी बोलत काऊन नव्हते?"

याचं उत्तर माझ्याकडे इतकी वर्षं तयार होतं. दया, अपमान, भर बाजारातलं हसू, सगळं नीट रचून ठेवलेलं. मी बाहेर पाहू लागलो. देवरावची मशीन दाराकडे तोंड करून आहे. भांडणाआधी ती भिंतीकडे असे. मी बाकावरून उठून मशीनच्या स्टुलावर बसलो आणि समोर पाहिलं. भांडण झालं त्या आठवड्यात मी माझ्या दुकानापुढे बादल्यांची रांग टांगली होती. माल दिसायला हवा, असं सगळ्यांना सांगितलं होतं. माझी गादी त्यांच्याआड जाते. इथून बादल्या दिसतात, आणि त्यांच्याखाली गादीवर बसणाऱ्याचे गुडघे.

रिळाचं काय करायचं ते ठरलं नाही. सरूबाईनं गाळा अजून सोडलेला नाही, दिवसा ती तिथेच असते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिकडे जाऊन बसतो. गिऱ्हाईक आलंच तर माझी बायको बोटानं समोर दाखवते, आणि माणूस हातात परात घेऊन रस्ता ओलांडून येतो. भाव तिथेच होतो. मी पहिल्यासारखाच भांडतो, कमी करत नाही. माणूस उठून रस्त्यावर गेला की आतून सरूबाईचा आवाज येतो, "भाऊ, बलवा ना त्याले, ऊन लय आहे." आणि मी बोलावतो.